चुंबकाला चिकटलेली धूळ

दिवाळीची सुटी संपून शाळांच्या घंटा पुन्हा वाजू लागल्या की आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. आधी शाळेत, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला. मंडप पडतो, बाकांवर पांढऱ्या चादरी अंथरल्या जातात, पाहुण्यांच्या हातात गुलाबाचे फूल येते आणि रांगेतल्या पहिल्याच टेबलावर ज्वालामुखी धुमसत असतो. खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि चमचाभर लाल रंग. त्याच्या शेजारी थर्माकोलचे 'पर्यावरणपूरक गाव'. (थर्माकोलच्या वस्तूंवर राज्याने २०१८ साली बंदी आणली, पण पर्यावरण वाचवण्यासाठी थर्माकोलला अजून पर्याय सापडलेला दिसत नाही.) आणि सगळ्यात जास्त गर्दी असते तिथे दिवे लुकलुकणारे 'स्मार्ट सिटी'चे थोरले मॉडेल, त्यामागे उभा असलेला घामाघूम विद्यार्थी आणि त्याच्यामागे, थोड्या अंतरावर, त्याच्याहून घामाघूम झालेले त्याचे वडील.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षे केमिस्ट म्हणून काढली. पोलादात कार्बन किती, गंधक किती, फॉस्फरस किती हे सांगणे एवढेच माझे काम. त्यामुळे 'सायन्सवाले काका' म्हणून अशा प्रदर्शनांना परीक्षक म्हणून मला बोलावणे येत असते. मी आनंदाने जातो. पोरांशी बोलायला मिळते, आणि खरे सांगायचे तर पोहेही चांगले असतात. प्रत्येक टेबलापाशी मी दोनच प्रश्न विचारतो. "हे तू का केलंस?" आणि "करून पाहण्याआधी ठाऊक नव्हतं असं तुला काय कळलं?" पहिल्याचे उत्तर बहुधा "सरांनी सांगितलं" असे येते. दुसऱ्या प्रश्नानंतर शांतता पसरते. मग मूल एकदम ताठ होते आणि पाठ केलेले भाषण पहिल्या वाक्यापासून पुन्हा म्हणू लागते.

यात मुलाचा काडीचाही दोष नाही. त्याला कोणी काही शोधायला सांगितलेलेच नसते. दाखवायला सांगितलेले असते. आणि दाखवायचेच असेल तर ते चकचकीत हवे, म्हणून घरातली सगळी माणसे कामाला लागतात. हल्ली तर तयार मॉडेलेही विकत मिळतात. स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, घरबसल्याही मागवता येतात. शाळेतही कुणी खोदून विचारत नाही, कारण जिल्ह्याला नंबर आला की शाळेचे नाव वर्तमानपत्रात येते. म्हणजे मूल सोडून सगळ्यांची स्पर्धा चाललेली असते.

शाळकरी मुलांनी संशोधन करावे ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. १९६३ साली एनसीईआरटीने विज्ञानातील प्रज्ञा शोधण्यासाठी एक शिष्यवृत्ती योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ती फक्त दिल्लीपुरती होती आणि शिष्यवृत्त्या अवघ्या दहा. पुढच्याच वर्षी ती देशभर लागू झाली आणि शिष्यवृत्त्या साडेतीनशेवर गेल्या. आजच्या पालकांना आश्चर्य वाटेल, पण त्या योजनेत लेखी परीक्षेबरोबर विद्यार्थ्याला स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल द्यावा लागे, एका विषयावर निबंध लिहावा लागे आणि मग मुलाखत होई. १९७६ मध्ये १०+२+३ चा आकृतिबंध आला तेव्हा योजनेचे रूप पालटले, त्यात समाजशास्त्रेही आली, नाव 'राष्ट्रीय प्रज्ञा शोध' झाले. समाजशास्त्रे आली हे चांगलेच झाले, पण प्रकल्पाचा अहवाल त्या धांदलीत गेला तो गेलाच. पुढे राहिली ती फक्त पर्यायांपुढे खूण करायची परीक्षा, आणि तिच्या मागोमाग शिकवणी वर्ग. आता तर २०२१ पासून ती परीक्षाही थांबलेली आहे. १९९९ साली सुरू झालेली 'किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना' २०२२ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाली. वह्या तपासण्यापेक्षा खुणा तपासणे सोपे असते, हे या सगळ्या इतिहासाचे साधे कारण मला वाटते. लाखभर मुलांच्या खुणा यंत्र तपासते. लाखभर मुलांच्या वह्या वाचायच्या तर माणसे लागतात, आणि ती माणसे वाचणारी लागतात.

महाराष्ट्रात बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ पासून चालवलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा या बाबतीत पुष्कळ बरी. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी. लेखी परीक्षेतून पुढे गेलेल्यांची प्रात्यक्षिके होतात आणि नंतर मुलाखतीबरोबर कृती-संशोधनाचा प्रकल्पही पाहिला जातो. पण तिथेही मुले प्रकल्पापर्यंत पोचतात ती लेखी परीक्षेची चाळणी ओलांडून. ज्या मुलाला लिहिता फारसे येत नाही पण जे दोन महिने न कंटाळता मुंग्यांची रांग मोजू शकते, ते अशा चाळणीतून खालीच पडायचे.

म्हणून माझा जीव अधिक जडला तो राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेवर. १९९३ पासून ती देशभर भरते. महाराष्ट्रात तिचे काम ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने वर्षानुवर्षे पाहिले. दहा ते सतरा वर्षांची मुले, शाळेत जाणारी असोत वा शाळा सुटलेली, छोटा गट करून आपल्या परिसरातला एक प्रश्न घेतात आणि काही महिने त्याचा पाठपुरावा करतात. लेखी परीक्षा नाही. मॉडेल नको. रोजनिशी मात्र हवी, ज्यात रोजची नोंद त्याच दिवशी झालेली असेल. आणि मांडणी स्वतःच्या भाषेत करायची मुभा. जालन्याला या शेवटच्या मुद्द्याचे फार मोल आहे. आमच्या एमआयडीसीतल्या वस्त्यांतून बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची मुले मराठी शाळेत जातात, घरी भोजपुरी बोलतात, गल्लीत जालन्याची ती खास हिंदी बोलतात, आणि इंग्रजीतला फलक वाचताना मात्र मुकी होतात.

आता जालन्याविषयी दोन शब्द, कारण बाहेरच्या वाचकांना हे गाव मोसंबी आणि दुष्काळ या दोनच गोष्टींनी ठाऊक असते. 'जालना सोन्याचा पालना' असे आमच्याकडे पूर्वापार म्हणतात. सोने म्हणजे व्यापार. आजचे जालना दोन गोष्टींवर उभे आहे, बियाणे आणि सळई. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे 'महिको'ची स्थापना केली. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करणाऱ्या या माणसाला १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आणि दुसरीकडे पोलादाचे कारखाने. भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या भट्टीत सुमारे सोळाशे अंश तापमानाला वितळवायचे, त्याचे बिलेट ओतायचे आणि रोलिंग मिलमध्ये लाटून त्याच्या सळया करायच्या. महाराष्ट्रात कुठेही घराचा स्लॅब पडत असेल तर त्यातली सळई आमच्या गावची असण्याचा संभव बराच.

रोलिंग मिलमध्ये लालभडक बिलेट रुळांमधून जाते तेव्हा त्याच्या अंगावरून पापुद्रे गळतात. तापलेल्या लोखंडाचा हवेशी संयोग होऊन बनलेले हे ऑक्साइडचे खपले. काळसर, चकाकणारे, पातळ. ते चुंबकाला चिकटतात. ही माहिती पुढे लागणार आहे, म्हणून इथे सांगून ठेवली.

काही वर्षांपूर्वी एमआयडीसीलगतच्या एका शाळेतली आठवी-नववीची चार मुले माझ्याकडे आली. तीन मुली, एक मुलगा. मुलाचे वडील भट्टीवर कामाला. प्रश्न त्यांचा स्वतःचाच होता आणि तो त्यांच्यापैकी एकीच्या आजीने जन्माला घातला होता. आजी रोज सकाळी तुळशीची पाने पुसायची आणि म्हणायची, "ही कारखान्याची राख गं." आणि वडील म्हणायचे, "राख कसली, रस्त्याची धूळ आहे ती. ट्रक किती जातात बघ." घरातल्या या वादाचा निकाल लावायचा, एवढाच त्यांचा हेतू.

मला प्रश्न ऐकूनच आनंद झाला. जयंत नारळीकरांकडे मुले स्वाक्षरी मागायला गेली की ते स्वाक्षरी देत नसत. मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, मी सहीसकट उत्तर पाठवीन, असे सांगत. आजीच्या तुळशीचा प्रश्न त्या पोस्टकार्डावर शोभून दिसला असता.

मुलांनी काय केले? काचेच्या छोट्या पट्ट्यांना व्हॅसलीन चोपडून त्या घरांच्या गच्च्यांवर ठेवल्या. एक मिलच्या बाजूला, एक हमरस्त्याला लागून, एक शाळेच्या छपरावर. आठ-आठ दिवसांनी काढायच्या, भिंगाखाली मोजायच्या. शिवाय गच्चीवरची धूळ झाडून कागदाच्या पुड्यांत जमा करायची. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधले चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते पुडीवरून फिरवायचे. चिकटले ते मिलचे, न चिकटले ते रस्त्याचे. (पिशवी अशासाठी की नंतर ती उलटी केली की कण आपोआप सुटतात. नाहीतर चुंबकाला चिकटलेली लोखंडाची भुकटी काढणे म्हणजे पोळीवरचे तूप परत वाटीत भरणे. ही युक्ती मुलाच्या वडिलांची.) वाऱ्याची दिशा रोज लिहायची. दिवाळीचा आठवडा वगळायचा, कारण फटाके. अवकाळी पाऊस आला तर त्या आठवड्यापुढे फुली.

पहिला महिना सगळे छान चालले. शाळेच्या पुडीत चुंबकाला भरपूर काळे कण चिकटले. मुले खूश. आजी जिंकणार अशी चिन्हे होती. मग मी त्यांना एक खोडसाळ प्रश्न विचारला. "जिथे एकही कारखाना नाही तिथली धूळ घेतलीत का?" नव्हती घेतली. एकीची मावशी परतूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. तिच्या गच्चीवरची पुडी एसटीने आली. चुंबक फिरवले, आणि त्या पुडीतूनही काळे कण टणाटण उड्या मारून चुंबकाला चिकटले.

मुलांचे चेहरे अगदी पडले. दोन महिने फुकट गेले, असे त्यांना वाटले. खरे तर त्या क्षणी त्यांचे संशोधन सुरू झाले होते. मराठवाड्याची काळी माती झाली आहे ती बेसाल्टच्या खडकापासून, आणि त्या खडकात मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज बारीक कणांच्या रूपाने असतेच. नदीच्या वाळूत चुंबक फिरवून पाहा, काळी मिशी उगवल्यासारखी दिसते. म्हणजे चुंबकाला चिकटले ते मिलचे, हे मुलांचे गृहीतच कच्चे होते. हे मला आधी ठाऊक होते का? होते. मी सांगितले का नाही? कारण सांगितले असते तर ते माझे झाले असते.

पुढे त्यांनी चुंबकाला चिकटलेले कण पुन्हा भिंगाखाली घेतले. महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांनी सूक्ष्मदर्शक वापरू दिले. खेड्यातले कण खड्यासारखे, निस्तेज. मिलच्या बाजूचे त्यातले बरेचसे चपटे, पापुद्र्यासारखे, चकाकणारे. काही तर अगदी गोल, मोहरीसारखे, भट्टीच्या धुरातून थेंब होऊन थिजलेले. मुलांनी शेवटी लिहिले ते असे: आमच्या गच्चीवर रस्त्याचीही धूळ आहे आणि मिलचीही आहे, पण किती भाग कुणाचा हे आमच्या पद्धतीने नक्की सांगता येत नाही, कारण मातीतले कणही चुंबकाला चिकटतात.

आजी आणि वडील, दोघांचाही वाद अर्धा-अर्धा सुटला. घरात म्हणे दोघांनीही आपणच जिंकलो असे जाहीर केले.

प्रकल्पाचे पुढे काय झाले ते सांगतो. शाळेत आधी शीर्षकावरून कुरकुर झाली. शीर्षकात 'कारखाना' हा शब्द नको, 'परिसरातील धूलिकणांचा अभ्यास' असे मोघम लिहा, असे सुचवण्यात आले. शाळेची नावे मी सांगणार नाही, आणि तिथल्या शिक्षकांना दोषही देणार नाही. शाळेच्या दोन खोल्या देणगीतून बांधलेल्या असतात, आणि मुलांचे वडील ज्या फाटकातून रोज आत जातात त्या फाटकाचा मालक कोण हे सगळ्यांना ठाऊक असते. मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारले होते, "साहेब, यात माझ्या नोकरीला काही होणार नाही ना?" हा प्रश्न कुठल्याही बालविज्ञान परिषदेच्या माहितीपुस्तिकेत नसतो. पण आपल्या परिसराचा प्रश्न घ्या असे मुलाला सांगितले की तो येतोच. परिसर म्हणजे चिमणी, सांडपाणी, बोअरचे पाणी, आणि त्यामागे कुणाची तरी भाकरी. म्हणूनच शाळा ज्वालामुखीला पसंती देतात. ज्वालामुखी कुणाला नोकरीवरून काढत नाही.

शीर्षक बदलले. प्रकल्प एका स्थानिक प्रदर्शनातही मांडला गेला. तिथे मी परीक्षक नव्हतो, माझ्या ओळखीची मुले म्हणून मी स्वतःच बाजूला राहिलो. तिघा परीक्षकांपैकी एकांनी मुलांना विचारले, "मग निष्कर्ष काय निघाला?" मुलीने सांगितले, "सर, आमची पद्धत पुरेशी नाही असा." परीक्षक हसले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. बक्षीस लुकलुकणाऱ्या दिव्यांना मिळाले.

त्या हसण्याचा मला राग आला, तो अजून गेलेला नाही. अहो, माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत स्पेक्ट्रोमीटरवर आकडा आला की तो खरा मानण्याआधी, प्रमाण ठरवून दिलेला नमुना लावून यंत्रच बरोबर चालते आहे का, हे पाहणे हे पहिले काम असे. जो हे पाहत नाही तो केमिस्ट नव्हे, तो नुसता आकडे वाचणारा. परतूरहून आलेली पुडी म्हणजे त्या मुलांचा प्रमाण-नमुना होता. चौदा वर्षांच्या मुलीला "आमची पद्धत पुरेशी नाही" असे कारणासह म्हणता येते, याहून मोठा निष्कर्ष शालेय विज्ञान प्रदर्शनात कुठला निघणार? मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही हे वाक्य लिहिताना जड जाते.

आता कुणी म्हणेल, हा सगळा खटाटोप कशासाठी? दहावीला गुण मिळणार आहेत का? पालकांचा हा प्रश्न मी हलका समजत नाही. भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला मुलाचे दोन महिने कुठे गेले याचा हिशेब विचारायचा हक्क आहे. पण ज्या देशांच्या शिक्षणाकडे आपण टक लावून पाहतो तिथे काय झाले, तेही बघावे. अमेरिकेत १९४२ साली शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांसाठी 'सायन्स टॅलेंट सर्च' सुरू झाली. मुलाने स्वतः केलेले संशोधन लिहून पाठवायचे, त्यातून चाळीस जणांना वॉशिंग्टनला बोलवायचे. या चाळिसांत १९५० साली शेल्डन ग्लाशो होता आणि १९५५ साली रोआल्ड हॉफमन. पहिल्याला १९७९ मध्ये भौतिकशास्त्राचे आणि दुसऱ्याला १९८१ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आणि या स्पर्धेला पैसा कुणी दिला? विजेची यंत्रे बनवणाऱ्या वेस्टिंगहाउस कंपनीने. एकदा देऊन फोटो काढून मोकळी झाली असे नाही, पन्नासहून अधिक वर्षे दिला. १९९८ पासून इंटेलने आणि २०१७ पासून रिजेनेरॉन या औषध कंपनीने ते ओझे उचलले. आज तिथले पहिले बक्षीस अडीच लाख डॉलरचे आहे.

तिथेही सगळे आलबेल नाही. ज्या मुलांच्या ओळखीत विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे तीच मुले पुढे जातात, मोजक्या शाळांचीच नावे वर्षानुवर्षे झळकतात, ही तक्रार तिकडेही जुनी आहे. घामाघूम वडील तिथेही असतात, फक्त ते प्राध्यापक असतात. पण एक गोष्ट घ्यावी अशी आहे. यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याला वाटले की शाळकरी पोराचे डोके ही आपल्या कामाची वस्तू आहे, आणि ते त्याला एखाद-दुसरे वर्ष नव्हे, दोन पिढ्या वाटत राहिले.

आमच्या एमआयडीसीत पैसा कमी नाही आणि दानतही कमी नाही. निजामकाळातला घाणेवाडी तलाव २०१२-१३ च्या दुष्काळात कोरडा पडला तेव्हा त्यातला गाळ काढायला येथल्या उद्योजकांनी आणि नागरिकांनी पदरचे पैसे घातले. मंदिराला, शाळेच्या खोल्यांना, सामुदायिक विवाहांना पैसा निघतो. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये आपली मराठवाड्यातली शाखा काढली ती जालन्यातच. सरकारही आपल्या परीने देते. 'इन्स्पायर-मानक' योजनेत निवड झालेल्या मुलाच्या खात्यात कल्पनेचा नमुना बनवायला दहा हजार रुपये जमा होतात, काही शाळांना २०१६ पासूनच्या योजनेत 'अटल टिंकरिंग लॅब'साठी वीस लाखांपर्यंत अनुदान मिळाले. पैशापेक्षा अडते ते दार उघडण्यापाशी. एमआयडीसीतल्या बहुतेक पोलाद कारखान्यांत स्पेक्ट्रोमीटर आहे, सळई ताणून तोडणारे यंत्र आहे. बियाणे कंपन्यांत उगवणशक्ती तपासायच्या खोल्या आहेत. भिंतीपलीकडच्या शाळेतल्या मुलाने ही यंत्रे कधी डोळ्यांनी पाहिलेली नसतात. महिन्यातला एक शनिवार, दोन तास, एक केमिस्ट आणि दहा मुले. सुरक्षेसाठी भट्टीकडे नको, प्रयोगशाळेतच. खर्च चहाबिस्किटांचा.

हे मी एका परिचित उद्योजकांना सांगितले तेव्हा ते मनापासून हसले. म्हणाले, "उद्या हीच पोरं माझ्या चिमणीखाली व्हॅसलीन लावून बसतील." भीती खोटी नाही, पण तिच्यात तथ्य किती? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा ज्या शहरांची हवा ठरलेल्या मानकात बसत नाही त्यांच्या यादीत जालन्याचे नाव आले. ती यादी सरकारची आहे, जाहीर आहे, ती वाचायला कुणा मुलाची काचपट्टी लागत नाही. उलट आमच्या चार मुलांनी लिहिलेले कारखानदाराला सोयीचेच निघाले, की सगळी धूळ तुमची नाही. हे वाक्य कारखान्याच्या जाहिरातीत आले असते तर कुणी विश्वास ठेवला नसता. मुलांच्या वहीत आले म्हणून आजीनेसुद्धा निम्मे मान्य केले. मी त्यांना एवढीच अट घातली की पैसे द्या, यंत्र द्या, पण विषय देऊ नका. विषय मुलांचा. हे मात्र त्यांना अजून पटलेले नाही. आमची बोलणी चालू आहेत.

बियाण्याच्या बाजूला विषयांची वाण नाही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही म्हणून शेतकऱ्यांच्या तक्रारींचा ढीग पडला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान सत्तर टक्के हवी, हा नियम. तो तपासायला लागते काय? शंभर दाणे, ओले गोणपाट आणि आठवडाभराचा धीर. शेतकऱ्याच्या घरातले मूल हे करू शकते, आणि बापाने दुबार पेरणीचा खर्च सोसलेला असेल तर ते मन लावून करते. पोत्यांची थप्पी किती उंच लावली होती, दाणे मळणीत किती वेगाने आपटले, कोठीत ओल होती का, एकेक धागा ओढायला घेतला तर दोन वर्षे पुरेल एवढा अभ्यास निघतो.

परीक्षकांच्या बैठकीत मी आता एक आग्रह धरतो. शंभरातले चाळीस गुण रोजनिशीला द्या, आणि रोजनिशी म्हणजे शेवटच्या रात्री सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेली वही नव्हे. शाई बदललेली हवी, खाडाखोड हवी, एखाद्या पानावर चहाचा डाग असला तर उत्तमच. मॉडेलचा खर्च दोनशे रुपयांच्या वर गेला की गुण कापा. आणि प्रत्येक गटाला विचारा, तुमचे काय चुकले? ज्याचे काहीच चुकले नाही त्याने बहुधा काही केलेलेच नसते. दोन-तीन शाळांनी हे मानले आहे. एका मुख्याध्यापकांनी मात्र मला हळूच विचारले, "पण काका, मग प्रदर्शनाला पाहुणे आल्यावर त्यांना बघायला काय ठेवायचं?"

यंदा ज्या शाळेत मी जातो तिथल्या सातवीतल्या दोन मुलींनी सोयाबीनचे दाणे मोजायला घेतले आहेत. एका गोणपाटात घरचे, एकात दुकानातले, आणि तिसऱ्यात घरचेच, पण मुद्दाम गच्चीवरून खाली फरशीवर टाकलेले. तिसरे गोणपाट कुणी सुचवले असे मी विचारले. "कुणी नाही," त्यातली धाकटी म्हणाली, "आमच्या ट्रॅक्टरमधून पोती अशीच खाली फेकतात."